दोंद्याचा महिना

माझा मेंदू शाबूत असल्याचा दाखला आमच्या तालुक्यात कुठेही मिळत नाही. मी फिरून पाहिलं आहे. उत्पन्नाचा मिळतो, रहिवासाचा मिळतो, हयातीचा तर बँकेत नुसतं जाऊन उभं राहिलं तरी मिळतो. पण ‘सदर इसमाच्या डोक्यात सर्व काही जागच्या जागी आहे’ एवढं लिहून द्यायला एकही डॉक्टर धजत नाही. पहिल्यानं विचारलं, “त्रास काय होतोय?” मी म्हटलं, “काहीच नाही.” तो म्हणाला, “मग आलात कशाला?” दुसऱ्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि एका मनोविकारतज्ज्ञाचा पत्ता दिला. त्या पत्त्यावर मी गेलो नाही. तिथेही दाखला मिळाला नसता, उलट दाखल करून घेतलं असतं.

दाखला हवा होता तो आमच्या स्वप्नालीच्या परीक्षेसाठी. ती उल्हासनगरच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकते. रोग्याची मज्जासंस्था कशी तपासायची, या विषयाच्या प्रॅक्टिकलमध्ये ती एकदा नापास झालेली होती, आणि पुन्हा गचकली तर वर्ष फुकट जाणार होतं. तिच्या मैत्रिणी पुढच्या वर्गात जाणार आणि ही पुन्हा त्याच बाकावर बसणार. त्या नुसत्या कल्पनेनं पोरीचा घास घशाखाली उतरत नव्हता.

आता ती नापास का झाली, तेही ऐका. कॉलेजात तपासणीसाठी एक प्लास्टिकचा माणूस ठेवलेला असे. परीक्षक बाईंनी विचारलं, “पेशंट तुझ्या हाकेला प्रतिसाद देतोय का?” उत्तर पाठ होतं, ‘हो मॅडम, पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे.’ आमच्या कन्येनं दोन हाका मारल्या, वाट पाहिली आणि म्हणाली, “नाही मॅडम, हा प्लास्टिकचा आहे.” बसल्या बाई लाल शाई घेऊन!

मी तिला नीट समजावलं. म्हटलं, “बाळा, परीक्षेत जे दिसतं ते बोलायचं नसतं. जे पुस्तकात आहे ते बोलायचं. मी सदतीस वर्षं अंबरनाथच्या कंपनीत स्टोअर सांभाळलं. ऑडिटवाले आले की जे दिसत होतं ते मी बोललो असतो तर आज पेन्शन मिळालं असतं का?”

“पण बाबा, तो खरंच प्लास्टिकचा होता,” ती म्हणाली. ही तिच्या आईच्या वळणावर गेली आहे.

पुढे त्या प्लास्टिकच्या माणसाची मान तुटली. कॉलेजनं नवा आणण्याऐवजी फतवा काढला की प्रत्येक मुलीनं एक सुदृढ नातेवाईक किंवा शेजारी घेऊन यावा, आणि त्याची मज्जासंस्था ठीक असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत आणावा. म्हणजे बघा, तपासणी ठीक येणार हे आधीच ठरलेलं, फक्त ती करून दाखवायची. मी म्हटलं, “त्यात काय, मी येतो.” हे वाक्य मी जेवणाच्या ताटावर बसून बोललो. आमच्या हिनं, म्हणजे संजीवनीनं, आमटी वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सुदृढ म्हटलंय त्यांनी.”

सराव रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सुरू झाला. बदलापूरच्या मांजर्लीत आमची सोसायटी नदीच्या बाजूला आहे. पावसाळ्यात पार्किंगमध्ये उल्हास नदी येते आणि बाराही महिने हॉलमध्ये शेजारी येतात. नदी निदान ओसरते तरी. पहिल्या दिवसापासून समोरच्या ब्लॉकमधला महिपती खुर्ची टाकून बसू लागला.

महिपतीबद्दल मी शक्यतो बोलत नाही, पण आता इलाज नाही. हा माणूस अठरा वर्षं मला ‘दोंदोपंत’ म्हणतो. माझं पोट थोडं पुढे आहे, नाही म्हणत नाही. पण ते माझं आहे, माझ्या पैशानं झालेलं आहे, आणि त्याच्या ब्लॉकमध्ये ते घुसत नाही. त्याचं हसणंही एक विशिष्ट प्रकारचं. आधी माझ्या पोटाकडे बघणार, मग वर चेहऱ्याकडे बघणार, आणि मग या कानापासून त्या कानापर्यंत हसणार. तोंडातून आवाज नाही. त्यात सध्या चालू होता अधिक महिना, आपला धोंड्याचा महिना. त्याचा जावई अभिजीत धोंडे खायला येणार म्हणून हा गृहस्थ सोसायटीत असा मिरवत होता की जणू जावई ही वस्तू बदलापुरात पहिल्यांदाच त्यानं आणली.

तर सराव. डोक्यातून बारा जोड्या नसा निघतात म्हणे, आणि प्रत्येकीची परीक्षा वेगळी. पहिली वासाची. स्वप्नालीनं माझे डोळे मिटायला लावून नाकाखाली काहीतरी धरलं. मी छातीठोकपणे म्हटलं, “चहा.” निघाली कॉफी. आमच्याकडे कॉफी चहाच्या डब्यात ठेवतात, डब्यालाच चहाचा वास, त्याला मी काय करू? महिपती म्हणाला, “पहिलीच नस गेली. अजून अकरा आहेत दोंदोपंत, सांभाळा.”

सातवी नस चेहऱ्याची. “बाबा, कपाळाला आठ्या घाला,” स्वप्नाली म्हणाली. त्या माझ्या कपाळाला होत्याच. मग म्हणाली, “आता दात दाखवा.” महिपतीसमोर दात दाखवायला मला लाज वाटली, पण मुलीच्या वर्षाचा प्रश्न होता. तिनं मला त्यातली मेखही सांगितली. तोंड एका बाजूला वाकडं झालं आणि त्याच बाजूचं कपाळही हलेना, तर बहुधा ती एक नसच बिघडलेली. पण कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडतात आणि तोंड मात्र वाकडं, तर घोटाळा वर आहे, थेट मेंदूत. मी म्हटलं, “हे परीक्षेत कोणी विचारणार नाही. तू आपलं नॉर्मल, नॉर्मल म्हणत जा.”

मग आला हातोडा. गुडघ्याखाली मारून पाय उडतो की नाही हे बघायचा रबरी हातोडा. तो घ्यायला मी स्वतः उल्हासनगरला हरेशच्या सर्जिकल सामानाच्या दुकानात गेलो होतो. मी म्हटलं, “जरा हलका दाखव.” तो म्हणाला, “अंकल, हलका लोगे तो पाँव नहीं उडेगा, फिर बोलोगे हरेश ने डुप्लिकेट दिया.” मी भारी घेतला. स्वप्नालीनं तो माझ्या गुडघ्याखाली मारला, आणि हरेशचा शब्द खरा झाला. माझा पाय असा उडाला की महिपतीच्या हातातला चहा महिपतीच्याच अंगावर गेला. यात माझा काडीचा दोष नव्हता. ती क्रिया मेंदूला न विचारता होते, पुस्तकात छापलेलं आहे. पण सोसायटीत बातमी झाली की दोंदोपंतांनी महिपतीला लाथ मारली.

खरा घात तळपायानं केला. तळव्यावरून किल्लीचं टोक ओढायचं आणि अंगठा कुठे वळतो ते बघायचं, अशी एक तपासणी आहे. मला गुदगुल्या होतात. लहानपणापासून होतात. स्वप्नालीनं किल्ली ओढली, मी ओरडून बाजूला उसळलो, आणि कमरेत अशी उसण भरली की मी तसाच वाकडा राहिलो, विळीसारखा.

आता मराठी माणसाला शरीरातलं दुसरं काही ठाऊक नसेल, पण ‘शीर’ ठाऊक असते. रक्त वाहतं ती शीर, दुखतं ती शीर, चिडल्यावर कपाळावर उठते तीही शीर. महिपतीची बायको वृंदावहिनी आल्या आणि म्हणाल्या, “भावजी, शिरेवर शीर चढली. तळव्याला काशाच्या वाटीनं तूप चोळा. डोळ्याची शीर पायातूनच जाते.” मी म्हटलं, “वहिनी, दुखतेय कंबर.” त्या म्हणाल्या, “मग काय झालं, वाटेवरच आहे ना!” स्वप्नाली पुस्तक उघडून सांगायला लागली की अशी काही नस नसते. वहिनींनी पुस्तकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “पुस्तक इंग्लिश लोकांचं असेल. त्यांच्यात नसेल.”

शेवटी सर्वांनी मिळून ठरवलं की पायाळू माणूस बोलवा. जन्मताना पाय आधी आलेला माणूस पायाळू. त्यानं पाठीला हळूच पाय लावला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. मी मानत नाही. पण वाकलेल्या माणसाचं मत कोणी विचारत नाही. तळमजल्यावरच्या बनूबाई पायाळू निघाल्या. मूळच्या खरवईच्या, दणकट बाई. गच्चीवर त्या सुकट वाळत घालतात म्हणून दोनच महिन्यांपूर्वी मी कमिटीकडे लेखी तक्रार केली होती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

“वाका अजून,” बनूबाई म्हणाल्या. “नुसता पाय टेकवायचाय.”

त्यांनी पाय टेकवला. मी टीपॉय ओलांडून सोफ्यात गेलो. बनूबाई लुगडं सावरत म्हणाल्या, “बगा, कसं सरल झालं! अन् सुकटीचा वास आता येतो का भाऊ?” उसण गेली हे मला मान्य करावं लागेल, पण ती जाताना डाव्या पायातला जोर सोबत घेऊन गेली. मी लंगडू लागलो. ज्या दोन डॉक्टरांबद्दल आधी सांगितलं, त्यांच्याकडे मी या अवस्थेत गेलो होतो. मज्जासंस्था उत्तम असल्याचा दाखला मागायला लंगडत आलेला माणूस. आता मला त्यांचा राग येत नाही. येतो, पण कमी.

परीक्षा दोन दिवसांवर आली आणि पोरगी रडायला लागली. मी म्हटलं, “दुसरा कोणी बघू.” दार उघडंच होतं. महिपती आत आला आणि म्हणाला, “मी जातो की. आपली पोरगी आहे.” अभिजीतच्या ओळखीच्या डॉक्टरनं त्याला तासाभरात दाखला दिला. मज्जासंस्था उत्कृष्ट! ज्या डोक्यात अठरा वर्षांत एकच विनोद आला, ते डोकं उत्कृष्ट. स्वप्नाली हसली म्हणून मी गप्प बसलो. पण आतून मला फार लागलं. पोटची पोर माझी, परीक्षेला तिच्यासमोर बसणार हा.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघे रिक्षानं निघालो. माझं काही काम नव्हतं, पण मी गेलो. वाटेत अंबरनाथला महिपतीनं रिक्षा थांबवली. शिवमंदिरात दर्शन घेऊन जाऊ म्हणे, अधिक महिना आहे. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. मी लंगडा, पोट सांभाळत, एकेक पायरी कठड्याला धरून उतरत होतो. खालून महिपतीनं वर पाहिलं. आधी पोटाकडे, मग चेहऱ्याकडे, आणि मग या कानापासून त्या कानापर्यंत हसला. देवासमोर! बाहेर येऊन मी घड्याळ पाहिलं. अपमान झाला की मी घड्याळ बघतो, मला सवय आहे. अकराला पाच कमी होते.

कॉलेजात आमचा नंबर लागायला तासभर गेला. महिपती बाकावर नेहमीपेक्षा गप्प होता. मी म्हटलं, बरं आहे. मग आत बोलावलं. या वेळच्या परीक्षक बाई बाहेरच्या राज्यातून आलेल्या, हातात छापील कागद, त्यावर खुणा करायच्या चौकटी. त्यांनी मला कोपऱ्यात बसवलं. स्वप्नालीनं हात धुतले, नाव सांगितलं, नमस्कार केला, सगळं पुस्तकाप्रमाणे. मला बरं वाटलं. शुद्धीची तपासणी बाईंनी स्वतःच सुरू केली.

“अंकल, अभी कौन सा महीना चल रहा है?”

महिपती हसला. आणि म्हणाला, “दोंद्याचा.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे इथेही! माझ्या मुलीचं वर्ष टांगणीला लागलंय आणि हा बाहेरच्या बाईंसमोर माझ्या पोटावर विनोद करतोय! आणि हसत होता तेही अर्ध्या तोंडानं, जणू पूर्ण हसू मिळण्याचीही माझी लायकी नाही. मी उभा राहून ओरडलो, “मॅडम, हा माणूस मुद्दाम करतोय! याला बाहेर काढा!”

“आप बैठिए,” बाई म्हणाल्या. मग कागदाकडे बघत स्वप्नालीला म्हणाल्या, “मई बोलना चाहिए था. चलो कोई बात नहीं, नॉर्मल लिखते हैं. आगे बोलो. फेस नॉर्मल, हाथ नॉर्मल, ऐसे बोलते जाओ. बाहर बहुत लड़कियाँ हैं.”

स्वप्नाली महिपतीकडे बघत होती. मी तिला कोपऱ्यातून खुणावलं, ‘बोल, नॉर्मल म्हण.’ एक शब्द म्हटला की ती सुटत होती. पण ती खाली वाकली.

“काका, पुन्हा सांगा. कुठला महिना?”

“दों...द्याचा.”

“मॅडम, महिना बरोबर आहे,” ती म्हणाली. “आमच्यात आत्ता धोंड्याचा महिना चालू आहे. पण त्यांना ‘धोंडा’ म्हणता येत नाहीये. काका, आठ्या घाला.” महिपतीच्या कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडल्या. “आता दात दाखवा.” उजवीकडचे दिसले, डावीकडे ओठ तसाच लोंबत राहिला. “डोळे मिटा, दोन्ही हात समोर धरा.” डावा हात हळूहळू खाली गेला. महिपतीला ते कळलंही नाही. तो हात समोर धरल्यासारखा बसून होता.

“उनके पास सर्टिफिकेट है,” बाई म्हणाल्या. “नॉर्मल है.”

“मॅडम, हे नॉर्मल नाहीत,” आमची कन्या म्हणाली. जे दिसतं ते बोलणारी, तिच्या आईच्या वळणावर गेलेली. “यांना लकवा येतोय. मी यांना घेऊन जातेय.”

“बीच में छोड़ोगी तो मैं मार्क्स नहीं दे सकती.”

“नका देऊ,” ती म्हणाली, आणि महिपतीच्या काखेत हात घातला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाबा, दुसरी बाजू धरा.” मी धरली. अठरा वर्षांत त्या माणसाला मी पहिल्यांदाच हात लावला. तो जड होता, आणि त्याचा हात माझ्या खांद्यावरून निसटत होता, आणि मला भीती वाटली. मोठी भीती वाटली.

स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात पोचलो. तिथल्या डॉक्टर मुलीनं एकच प्रश्न लावून धरला. “हे शेवटचे अगदी व्यवस्थित कधी होते? नक्की वेळ सांगा. त्यावर इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरतं.” स्वप्नाली गोंधळली. ती सकाळपासून पुस्तकात डोकं घालून होती.

“अकराला पाच कमी,” मी म्हटलं. “शिवमंदिराच्या गाभाऱ्यात.”

“नक्की? कशावरून?”

“माझ्याकडे बघून पूर्ण तोंडानं हसले होते. दोन्ही बाजूंनी. मी घड्याळ बघितलं होतं.” ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, “डॉक्टर, त्या माणसानं माझा अपमान कधी केला, हे मला झोपेतून उठवून विचारा.”

वेळ हातात होता. स्कॅन झाला आणि इंजेक्शन दिलं गेलं. वृंदावहिनी काशाची वाटी घेऊन आल्या होत्या, ती सिस्टरनं दाराबाहेर ठेवायला लावली. रात्री अभिजीत आला. दाखला देणाऱ्या त्या ओळखीच्या डॉक्टरला त्यानं फोन लावला, तर तो उचलेना. अशा वेळी मज्जासंस्था उत्कृष्ट चालते लोकांची.

निकालाचं म्हणाल, तर कॉलेजनं आठवडाभर विचार केला. अर्धवट सोडलेल्या परीक्षेसाठी चौकट छापलेली नव्हती. शेवटी त्या बाईंनीच लिहून दिलं की तपासणी योग्य होती. स्वप्नाली पास झाली. दोन मार्क कापले, कारण तपासणीनंतर तिनं हात धुतले नाहीत आणि पेशंटचे आभार मानले नाहीत. मी भांडायला निघालो होतो. संजीवनी म्हणाली, “बसा. पास झाली ना?” आणि पदरानं डोळे पुसत आत गेली. मीही जरा खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

अधिक महिना संपायच्या आधी महिपती घरी आला. काठी होती, पण चालत होता. धोंड्यांचं जेवण त्यांच्याकडे ठरलं, आणि जावयाच्या पंगतीला आम्हालाही बोलावणं आलं. बनूबाईही होत्या. त्या महिपतीची पाठ न्याहाळत होत्या, म्हणून मी मुद्दाम मध्ये बसलो.

वाढणं झाल्यावर स्वप्नालीनं पाटावरूनच विचारलं, “काका, महिना कुठला चाललाय?” वृंदावहिनींच्या हातात तुपाची वाटी तशीच राहिली.

महिपतीनं घास खाली ठेवला. जीभ सावरली.

“धों-ड्या-चा,” तो म्हणाला. ‘ध’ असा काढला की खिडकीची जाळी हलली असेल. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. आधी पोटाकडे, मग चेहऱ्याकडे. “आणि दोंद्याचा हा बसलाय इकडे. त्याला वाढा अजून.”

आणि हसला. मी ताट सोडून पुढे वाकलो आणि त्याचं तोंड नीट निरखून पाहिलं. डावी बाजू पाहिली, उजवी बाजू पाहिली. या कानापासून त्या कानापर्यंत हसत होता, हलकट.

मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, “वाढा.”